कडेची वलांडी

आये, माझ्या वर्गातली एक मुलगी दर रविवारी आपल्या नवापूरच्या किनाऱ्यावर जाते आणि मला तिचा संशय येतो. राहते बोईसरच्या सरावलीत, बाप कंपनीत, मूळ गाव बीडकडचं. बोंबील तिने ताटातही पाहिला नसेल. तरी सामाजिक उद्योजकतेच्या स्पर्धेसाठी तिने मासळी सुकवायचा, आत ट्रे असलेला जाळीचा पेटारा केलाय. माश्या बसत नाहीत, कुत्री ओढत नाहीत. अर्जावर माझी सही नसेल तर तिचं नाव पुढे जाणार नाही, आणि सहीच्या वर एक रकाना आहे : विद्यार्थिनीची प्रेरणा काय? असली मुलं मी पुष्कळ पाहिलीत. फोटो, प्रमाणपत्र, परदेशातला प्रवेश. निकाल लागला की समाजसेवाही संपते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

म्हणून या रविवारी न सांगता गेले, चोर पकडायला जावं तशी. किनाऱ्यावर सगळ्या बायका हसत होत्या. "ये गो बाय! तुज्या पोरीनं बोंबील ट्रेमदी झोपवलं, पार चिकटून बसलं!" तूही पोट धरून हसली असतीस. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूच्या वलांडीवर ताणलेल्या दोरीला सुकायला टांगायचे, हे मला तू शाळेत घालायच्या आधी शिकवलंस. त्यांच्या दातांनी बोटं सोलवटली म्हणून मी रडले, तर म्हणालीस, "हात हाय का लोनी?" अजून राग येतो त्याचा. मुलगी मात्र खाली बसून जबडे अडकवत होती, दहाही बोटं ओरखडलेली. मी म्हटलं, खरं सांग, हे कशासाठी?

"खरं सांगू मॅडम? आले होते नंबरासाठीच. पण ट्रे फसला आणि काकू हसल्या. आता हसं करून घेऊन कशी जाऊ? जमवूनच जाणार."

एवढीच प्रेरणा. मला ती पटली, आणि पटली म्हणूनच तिचा राग आला. कारण तिचा पेटारा आपल्या त्या अगदी कडेच्या, रिकाम्या वलांडीखाली उभा आहे. नोकरीच्या मुलाखतीत मी छातीठोक सांगितलं होतं, गावच्या बायकांसाठी सुकवणीचं यंत्र करीन. घरी येऊन तुलाही तेच ऐकवलं. तू त्यावर विश्वास ठेवलास. "तिथं माज्या पोरीचं यंत्र येनार हाय," म्हणत कुणाला तिथे दोरी बांधू दिली नाहीस आणि शेवटपर्यंत स्वतःही एक बोंबील टांगला नाहीस.

रकान्यात मी तिचंच वाक्य लिहिलं आणि सही केली. अर्जाची एक प्रत उरली, तिच्या पाठीवर हे लिहितेय. तू नसताना हे पत्र टाकणार तरी कुठे? यंत्राचं विचारलंस की दर वेळी मी तुला सांगायचे, कॉलेजात काम फार असतं. आये, रविवारी नसायचं. बोईसरहून रिक्षा तेव्हाही मिळायची.