बंदरातली जहाजं तुझ्याकडे

भीमराज भावा,

गावाकडून फोन आला, आमचे वडील, अण्णा, गेले. तू नाईट करून नुकताच झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. संध्याकाळी गेममध्ये आपल्या बंदरावर हल्ला आहे, माझी जहाजं तूच सांभाळ. नांगर टाकलेल्या जहाजांना बुरुजावरच्या तोफांचं संरक्षण मिळतं, नांगर उचलला की ते जातं. म्हणून समोरचे कितीही चिडवू देत, जहाजं बाहेर काढू नकोस. कंपनीत मीच कळवतो. कुकरमध्ये तुझ्यापुरता भात ठेवलाय. रडू अजून आलेलं नाही, डोक्यात गेमचंच चाललंय. आई फोनवर शेवटी एवढंच म्हणाली, "जेवून निघ रे." मी "हो" म्हटलं आणि खरंच बसून जेवलो.

सनी