रोगी हाजीर हो!

तळोदे, आश्विन शुद्ध तृतीया, शके १८५७

चि. बापूस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे आम्ही आत्या-भाचे खुशाल आहोत. तुझा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घेतोस ना? घेत नसशीलच. लहानपणी तू तो तुळशीत ओतायचास आणि बोलणी मी खायची (तुळस मात्र चांगली फोफावली, तिला कधी खोकला झाला नाही). सौ. इंदिरेस आशीर्वाद, मुलांचे गोड पापे.

तू मला अखजीला (अक्षय्य तृतीयेला इकडे अखजी म्हणतात) इकडे कशाला पाठवलंस ते मी विसरलेले नाही. वामनचा कान धरून त्याला नाशकास आणायचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत त्याच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, आणि पोटच्या पोराने डोंगराच्या पायथ्याशी आयुष्य काढावं हे तुला पाहवत नाही. आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाटेल, आपलंच खरं होतं. वाटू दे. पण मधेच चष्मा काढून ठेवू नकोस.

वामनचा जुना दवाखाना म्हणजे धान्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या. रोगी बाहेर ओट्यावर, आणि वामन उंबऱ्यात उकिडवा बसून जिभा बघणार. कोणाचं पोट साफ होतं आणि कोणाचं होत नाही हे साऱ्या बाजाराला ऐकू जायचं, आणि बाजार त्यावर आपलं मतही द्यायचा. शेजारी मिरचीची पोती, त्यामुळे तपासणारा आणि तपासून घेणारा दोघेही शिंकत. पण माणूस मावत नसे. धडगावकडची मंडळी घाट उतरून येत, ओट्यावर टेकत आणि वामनशी घरच्यासारखं बोलत. आपल्या घुम्या वामनला मी हसताना पाहिलं ते तिथे.

हे सुख इथल्या झमकूबाईंना पाहवलं नाही. तसं त्यांचं मन फार मोठं हो. मारवाडातून आलेलं कापडाचं घराणं, यजमान उमेदमलजी गेल्या वर्षी वारले, त्यांच्या नावाने बाईंनी भला थोरला दवाखाना बांधायला घेतला. गवंड्याला एवढंच म्हणाल्या, की गावात जी सर्वांत देखणी इमारत असेल तशीच ही झाली पाहिजे. गवंडी आज्ञाधारक. उंच पायऱ्या, कमानींची पडवी, आत लांबलचक टेबल, आणि टेबलापुढे लाकडी कठडा. हा कठडा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, शोभा येते.

श्रावणात मुहूर्त निघाला. फुलसिंग कंपौंडरने बाटल्या कडब्यात गुंडाळून पुढच्या गाडीत रचल्या, बाकी सामान मागच्या गाडीत. मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीतला कडबा चालता चालता खात होते, हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा बाटल्या उघड्या पडून टाळ्या पिटत होत्या. शेवटी फुलसिंगने मिश्रणं कवटाळली, मी एरंडेलाची बरणी काखेत घेतली, आणि अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे वाजंत्री होती, ती झमकूबाईंची.

तिथे नवाच प्रश्न. पहिला रोगी शुभ पाहिजे, असं बाईंचं म्हणणं. शुभ म्हणजे काय, तर ज्याला काहीच झालेलं नाही असा. म्हणून त्यांचा पुतण्या शांतिलाल गुलाबी फेटा बांधून खुर्चीत बसला. वामनने रीत म्हणून त्याला ‘आ’ करायला सांगितलं, आणि आत किडलेली दाढ निघाली. किडलेली दाढ दिसली की आपल्या पोराचा हात राहत नाही, हे तुला ठाऊकच आहे. शांतिलालची किंकाळी वाजंत्रीत बुडाली आणि लोकांनी पेढे खाल्ले (त्याने सोडून).

त्यानंतर डोंगरातला एकही रोगी आला नाही. समोरच्या चिंचेखाली माणसं बसलेली दिसत. मला वाटे, बाजाराला आलीत, सावलीला टेकलीत. संध्याकाळी उठून जात. आत वामन तेच ते वर्तमानपत्र वाचत बसे. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. एके दिवशी मला म्हणाला, “आत्या, त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. नाशकाला कळव, येतो म्हणून.” बापू, जे ऐकायला तू मला पाठवलंस तेच मी ऐकलं, आणि मला रडू आलं. पण पत्र लिहायला बसले होते हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचेखालच्या माणसांना पाणी द्यायला गेले (माझ्या सोवळ्याचं तू आता विचारू नकोस). तिथे एका बाईच्या मांडीवर पोर होती. हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. मी ओरडलेच, “अगं, डॉक्टर आत बसलाय, तू इथे काय करतेस?” ती नवऱ्याकडे पाहू लागली. सुरुपसिंग त्याचं नाव, तिचं कालीबाई. हात जोडून म्हणाला, “पुकारा व्हयना नही, फुई. मंग कसं येवानं?” (आत्याला इकडे फुई म्हणतात.)

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गवंड्याने गावातली सर्वांत देखणी इमारत म्हणून मामलेदार कचेरीची हुबेहूब नक्कल उतरवली होती! आणि कचेरीत शिपायाने नाव पुकारल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नसतो, हे या लोकांना पक्कं माहीत. म्हणून बिचारे सकाळी येऊन बसत, पुकारा झाला नाही की आज आपली पाळी नाही असं समजून दुखणाईत माणसाला घेऊन पुन्हा घाट चढत. आणि पन्नास पावलांवर आमचा शहाणा म्हणतो, विश्वास उडाला!

मी पदर खोचला, सगळ्यांत वरच्या पायरीवर गेले आणि होता नव्हता तो जोर लावून ओरडले, “कालीबाई, सुरुपसिंगची बायको, हाजीर हो!” आत वामनची खुर्ची पडली. कालीबाई पोरीला घेऊन धावत पायऱ्या चढली, आणि तिच्यामागे सारी चिंच उठून आली. पोरीला हिवताप होता. दोन दिवस तिला आमच्याकडेच ठेवून घेतली. वामन तिच्या उशाशी बसून होता. ताप उतरल्यावर पोरीने पहिल्यांदा पेज मागितली, तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. असला मुलगा तुझ्या पोटी आला याचं मला अजून नवल वाटतं.

आता रोज पुकारा होतो. पहिल्या दिवसांत लोक कठड्याशी हात जोडून उभे राहत. एक म्हातारा तर लाकूडतोडीच्या खटल्यात उभा असल्यासारखा, गळू दाखवण्याआधीच वामनला सांगू लागला, “साहेब, मी जंगलमा गऊच नही!” वामनने तो कठडा काढून टाकला, खाली चटया घातल्या. पुकारा मात्र लोकांनी सोडू दिला नाही. झमकूबाईंनी पट्टेवाला शिपाई नेमायची तयारी दाखवली, पण फुलसिंग म्हणाला, “फुईच बरी शे.”

तर अशी इथली एकंदर दैना आहे. वामनला नाशकास आणण्याची माझी खटपट चालूच आहे. कळावे, लोभ आहेच.

तुझी ताई

ता. क. मोठ्या डॉक्टरांना म्हणावं, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या.

ता. क. दुसरा. वरचं वामनने सांगितलेलं नाही. तो बिचारा परवाच म्हणाला, “आत्या, तुला इथे जड जात असेल तर निघू.” मी म्हटलं, बघू.

ता. क. तिसरा. माझी जाड लुगडी पाठव, इकडे थंडी फार पडते म्हणतात. आणि माजघरातल्या कोनाड्यातला माझा बाळकृष्ण मऊ पंच्यात गुंडाळून येणाऱ्या माणसाच्या हाती दे. महिन्याभरात परत येते असं त्याला सांगून निघाले होते. आता मी काही येत नाही, त्यालाच इकडे पाठव.