तीन पायांच्या भांड्याचा एक पाय

आई, तुझे जावई जाऊन दोन वर्षं झाली. रिटायर झाल्यावर हे दर रविवारी इथे हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीन गावाबाहेर, शेतकऱ्याची परवानगी काढून, नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचे. मी काठावर पुस्तक वाचत बसायची. सापडायची ती बहुतेक बाटल्यांची बुचं. एकदा मात्र बोटाएवढा जड, काळा तुकडा निघाला. यांनी तो मातीसकट डबीत ठेवला, जागा लिहून ठेवली आणि मला बजावलं, "घासू नकोस हं. तुझा काही भरवसा नाही." मी हसले होते.

या वसंतात म्युझियममधल्या एक बाई तो बघायला तयार झाल्या. काळं भांडं घेऊन कुणासमोर जायचं नाही, हे तुझंच. तुझ्या खाणावळीच्या मोरीत मी पातेलं घासलं की तू काठाखालून बोट फिरवायचीस, बोट काळं झालं की पातेलं परत माझ्यापुढे सरकवायचीस. जायच्या दिवशी सकाळी मी चिंच भिजवली, मीठ घेतलं. खाचासुद्धा सोडल्या नाहीत. तुकडा पिवळा लख्ख निघाला आणि मला फार दिवसांनी बरं वाटलं.

बाईंनी तो भिंगाखाली धरला. मध्ययुगातल्या ब्राँझच्या भांड्याचा पाय, म्हणाल्या; असं भांडं तीन पायांवर थेट निखाऱ्यांत उभं राहायचं. लायब्ररीत बसून मी डच शिकले, म्हणून पुढचंही समजलं. वरची काजळी आणि गंज राहिला असता, तर अजून पुष्कळ कळलं असतं.

"कुणी घासलं?" त्यांनी विचारलं. रागावून नाही.

"माझ्या नवऱ्याने," मी म्हणाले.

त्यांनी तसं लिहून घेतलं. हा माणूस सापडलेल्या वस्तूवर साधा ब्रशही फिरवत नसे. आता नोंदीत यांच्या नावापुढे कायम राहील की शोधणाऱ्यानेच ती खराब केली.

तीन आठवडे झाले. बाईंना खरं कळवायला चार ओळींची मेल पुरेल. ती सोडून तुला लिहिते आहे, कारण तुला वाचता येत नव्हतं, आणि तो पाय हातात घेऊन, बोट फिरवून, "आता कसं स्वच्छ निघालं" म्हणाली असती अशी तू एकटीच.