फोटोपुरतं पाणी

मूर्तिजापूर तालुका,
एप्रिल १९६४

प्रिय धर्मपाल,

तुझं अमरावतीहून टाकलेलं पत्र मिळालं. अकोल्याच्या कचेरीनं दाद दिली नाही, म्हणून पंप देणाऱ्या त्या जागतिक संस्थेच्या परदेशातल्या मुख्य कार्यालयालाच तू तक्रार धाडलीस म्हणे. लिहितोस, खालचे लोक वाईट असतील, पण वरच्यांना कळलं की ते गप्प बसणार नाहीत. वाचून आधी हसू आलं, मग पत्र पुन्हा वाचलं. कॉलेजच्या खोलीत त्या संस्थेचा जाहीरनामा भिंतीला चिकटवून रोज वाचणारा माझा भाऊ अजून तसाच आहे. सगळी माणसं सारखी, असंच छापलंय ना त्यात?

आईची तब्येत बरी आहे. फक्त पहाटे घागर घेऊन अजून बुजवलेल्या विहिरीकडे जाते आणि तिथं नुसती उभी राहते. हाताला धरून आणावं लागतं. तिला काय बोलू, माझेही पाय तिकडेच वळतात. गाव पाणी देईना म्हणून आपल्या आज्यानं खणलेली पायऱ्यांची विहीर ती. त्या संस्थेचा साहेब म्हणाला, अशा विहिरीनं नारू होतो, बुजवून टाका, आम्ही सगळ्यांसाठी पंप देतो. त्याचं इंग्रजी तू आम्हाला मराठीत सांगितलंस. वस्तीतले म्हातारे डोमाजीबाबा कुरकुरले, तर आईनं त्यांनाच झापलं, "आपला पोरगा खोटं कावून बोलीन?" मग बुद्धजयंतीला त्रिसरण म्हणून आम्ही आपल्या हातांनी विहिरीत माती लोटली. पाण्याला वाजतगाजत मूठमाती देणारी माणसं आम्हीच.

पंप बसला मारुतीच्या पारासमोर. आपण बौद्ध झालो, पण गावाच्या लेखी जुनेच. पंपाच्या दांड्याला हात लावायची आपल्याला बंदी. साहेबाला विचारलंस, तर तो म्हणाला, जागा गावानं ठरवली, गावच्या रिवाजात आम्ही पडत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नदीच्या वाळूत झिरे खणू लागलो. माझी लेक शकुन झिऱ्यात उतरून वाटीनं पाणी भरत होती, आणि कड ढासळली. तूच तिला वाळूतून बाहेर काढलंस, तोवर ती गेली होती. त्यानंतर तू गावात पाय ठेवला नाहीस. तुला वाटतं, ताई मला दोष देते. दिला, बाबा. तुझं नाव काढलं की अंगाची लाही व्हायची. आता नाही होत. तुला जे खरं वाटलं तेच तू सांगितलंस. पण घरात पेला वाजला की अजून माझ्या तोंडून जातं, "शकुन, सांडू नको." मग आई आणि मी एकमेकींकडे बघत नाही.

परवा तोच साहेब जीपमधून कॅमेरा घेऊन आला. खुशालराव पाटलांनी मला घागर घेऊन पाराजवळ बोलावलं. मला वाटलं, तुझी तक्रार पोचली, पंप खुला झाला. धर्मपाल, मी धावत गेले रे. दांडा मारला, पाणी आलं. थंडगार. मी ओंजळीनं प्याले आणि हसले. साहेबानं तेवढंच टिपलं. लगेच पाटील म्हणाले, "फोटोपुरतं होतं, बाई. आता सरक." त्यांच्या गड्यानं माझी घागर तिथंच उपडी केली आणि राखेनं दांडा घासून धुतला. साहेब दोन हातांवर उभा होता. सगळं पाहत होता. कॅमेरा पिशवीत ठेवला, मला हात जोडून नमस्ते केलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

म्हणून घाईनं लिहायला बसले. तुझ्या तक्रारीला वरून उत्तर येईल ते हाच फोटो असेल. त्यात तुझी बहीण पंपाशी, भरल्या घागरीजवळ हसताना दिसेल. ते हसू खोटं नाही, तू लगेच ओळखशील, आणि तुला वाटेल आपल्या वस्तीला पाणी मिळालं. तक्रार मागे घेऊ नको. आम्ही आजही झिऱ्यावरच जातो.

तुझीच,
केशरताई