आबा, शेवट सांगू नका

३ नोव्हेंबर, सोमवार
चहाला पुन्हा तीच सिरीज, 'कोठडी नंबर नऊ'. प्रेमराजने विचारलं, पाहिली का? म्हटलं, कधीचीच! शेवट तेवढा घाईत गुंडाळलाय. सगळ्या ऑफिसने मान डोलावली. अडचण एकच, मी एकही भाग पाहिलेला नाही. बारा आहेत. शनिवारपर्यंत उडवतो.

५ नोव्हेंबर, बुधवार
दोन झाले. दीडपट वेगाने लावतो, त्यामुळे सगळेच भांडल्यासारखे बोलतात.
धुळ्याहून बहिणीचा, हेमलताचा फोन. आबांना धाप लागते, रविवारी ये. वडिलांना दर थंडीत धाप लागते. जळगावहून जाऊन-येऊन पाच तास, म्हणजे पाच भाग गेले. पुढच्या रविवारी नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार
चारच झाले. हेमलताच्या मोबाईलवरून आबा बोलले. म्हणे, "मी बी ती कोठडी देखी राहिनू." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! पुढे, "तो जेलर शे ना रे, तो..." मी ओरडलोच, आबा, शेवट सांगू नका! आणि कट केला. माणसाने थोडं भान ठेवावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
त्याच नंबरवरून तीन मिस्ड कॉल. आबाच असणार. उचलले नाहीत. बारावा भाग संपला की निवांत बोलणार. दिवाळीत आम्ही दोघं ओट्यावर दोन तास बसलो होतो. कपाशीचा भाव बोलून झाला आणि विषयच संपला. मी वैतागून म्हणालोही, आबा, तुम्ही काही बघत नाही, तुमच्याशी बोलू काय? आता विषय आहे. एका अर्थी मी हे त्यांच्यासाठीच करतोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत अकरावा भाग. मधेच हेमलताच्या नंबरवरून सात फोन. आबा समजून सातही कट केले.
आबा सकाळीच गेले होते.

२३ नोव्हेंबर, रविवार. धुळे
आज गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. ऑफिसची मंडळी दारावर, सांत्वनाला आली. प्रेमराज बाजूला घेऊन म्हणाला, खरं सांगू, दुसऱ्या भागानंतर मी पाहिलीच नाही. 'शेवट घाईत गुंडाळलाय' हे तुमचंच वाक्य सगळीकडे फेकतो.
मंडळी गेल्यावर हेमलताने सांगितलं. आबा मोबाईल तांब्याला टेकवून बसायचे. धाप लागली की थांबवायचे, पुन्हा लावायचे. बाराही भाग पाहिले. ती रागावली की म्हणायचे, "भाऊसंगे बोलाले काहीतरी पाहिजे ना."
मी वाईट मुलगा आहे. हे पहिल्यांदाच लिहितोय.
बारावा भाग लावला नाही. हेमलताला विचारलं, जेलरचं काय म्हणत होते आबा?
ती म्हणाली, मला नाही सांगितलं. तुलाच सांगणार होते.