ओंगळ अळ्या आणि माझा जीन

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधाआधीचे दिवस नोंदलेले असावेत, पुढे उपयोग होतो. तापावरचं ते कडू औषध ज्या रोपाच्या पानात तयार होतं, त्यातला ते औषध बनवणारा जीन मी हेरलाय. आता तो पानात चालू असतो एवढंच दाखवायचं. महिनाअखेरीला कमिटी. दाखवलं तर ग्रीनहाऊस माझं, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या किडेवाल्याचं. हा गृहस्थ बरण्यांत अळ्या पाळतो आणि त्याच टेबलावर डबा खातो. शी.
जीनला माझी आद्याक्षरं द्यायचं ठरवलंय.

६ मार्च
एकूण एक पान कापसाने पुसलं. दोनदा फवारणी. खत, पाणी, गारवा, सगळं वेळेवर. रोपं अशी तकाकलीत की फोटो काढून बायकोला दाखवला. म्हणाली, अगदी तुमच्या वळणावर गेलीत, सगळं बसल्या जागी मिळतंय, आता कशाला हातपाय हलवतील? तिला विज्ञानातलं कळत नाही. चहा मागितला तर उठून करून घ्या म्हणाली.

१० मार्च
पहिला रिपोर्ट. जीन बंद. तपासणीचं मशीन भिकार. झाकणावर कुणाचं तरी तेलकट बोट उमटलंय. कुणाचं ते लिहायला नको.

११ मार्च, सकाळी
मशीनवाला येऊन गेला. मशीन ठणठणीत म्हणे. म्हणजे याचंही किडेवाल्याशी साटंलोटं.

१४ मार्च
कोपऱ्यातल्या रोपावर अळ्या! हिरव्या, लिबलिबीत. पानांची चाळण, खाली काळ्या लेंड्या. मी किंचाळलो नाही, खोकलो. ते ऐकून किडेवाला धावत आला. विचारलं, ही तुमची कार्टी का? म्हणाला, छे हो, माझी सगळी घरी आहेत, मोजून घ्या. वर वाकून कौतुकाने बघत बसला.
कुंडी वर्तमानपत्रात धरून मागच्या दारी, कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. हात साबण संपेपर्यंत धुतले. जेवलो नाही. नंतर थोडंसं.
संकल्प: फवारणी रोज तीनदा.

२१ मार्च
दुसरा रिपोर्ट. बंद. खत कमी पडतंय. दुप्पट केलं.
विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, रोपं सुंदर आहेत हो, पण आपण नर्सरी चालवत नाही. सुंदर म्हणाल्या हे महत्त्वाचं.

२७ मार्च
झकास कल्पना! शेवटच्या तपासणीत टाकून दिलेल्या रोपाची पानंही घालायची. कमिटीसमोर तुलना: हे माझं निरोगी रोप, हे किडकं. फरक बघून तोंडात बोटं घालतील.
पानं तोडायला गेलो. अळ्या अजून तिथेच, पण मरगळलेल्या. छान. हातमोजे एकावर एक घातले, तरी एक बया बाहीवर चढली. पुढचं लिहीत नाही. शर्ट फेकून दिला. बायको म्हणाली, नवा होता.

३१ मार्च
कमिटी. फरक खरोखर सगळ्यांना दिसला. माझी रोपं: जीन बंद. कचऱ्याशेजारचं रोप: जीन जोरात चालू, पानं औषधाने भरलेली.
किडेवाला उभा राहून म्हणाला, अहो, खाणाऱ्याचं तोंड कडू व्हावं म्हणून तर झाड ते बनवतं. कुणी खायलाच आलं नाही तर कशाला खटाटोप करेल? मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, म्हणजे फवारून फवारून तुम्हीच त्याला झोपवलंत.
मी सांगितलं, तुलनेची कल्पना माझी होती, तशी नोंद घ्या. कुणी पेन उघडलं नाही.

२ एप्रिल
ग्रीनहाऊस किडेवाल्याचं. मी त्याच्या हाताखाली, अर्थात तात्पुरता. जीनच्या नावात अळीचं नाव येणार. माझं काम: सकाळी अळ्या चिमट्याने रोपांवर सोडायच्या, संध्याकाळी उचलून बरणीत. शी, शी, शी! राजीनामा लिहिला. उद्या देतो.

९ एप्रिल
राजीनामा राहिला, गडबड होती. एक अळी कालपासून खात नाहीये. कडू पान मानवलं नसणार. कोवळं पान कापसाने पुसून पुढे धरलं, तेव्हा बाईसाहेबांनी जरा तोंड लावलं. किडेवाला ओरडला, लाड करू नका. बायकोला सांगितलं तर म्हणाली, झालं, आता तीही बिघडणार.
दुपारी डबा बरण्यांशेजारीच उघडला. टेबल एकच आहे.