डावा हात पाठीमागे

प्रिय डॉर्सी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, 'आई, ऐक, आई, ऐक' हेच चालू असतं, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर बायकोला विचार, तिला सगळंच वाचता येतं. आठवीत शाळा सोडली मी. दिवसभर कारखान्यात कोंबड्यांच्या तंगड्या मोडायच्या, अक्षरही तसंच उमटणार. तर आता ऐक तू, आणि मध्ये बोलू नकोस.

डॅडीने तुला सांगितलं असेल की खांदा बरा आहे. बरा नाही. हाड जुळलं, पण हात मागे जात नाही. बाजूला थोडा जातो, पुढे येतो, मागे नाही. मागच्या खिशातला रुमाल मी काढून देते. शर्टाची डावी बाही मी चढवते, आणि तो तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहतो, जणू कुणा दुसऱ्याचाच हात चाललाय बाहीत. डॉक्टर म्हणाला, एवढं झालं यात समाधान माना. त्याच्या बापाचं काय जातं. आणि समोरच्या वकिलाने दिलेला तो कागद अजून टेबलावरच आहे, मिठाच्या डबीखाली. 'पोलिसाने थांबवलं तेव्हा मी कमरेकडे हात नेला, सांगितलेलं ऐकलं नाही, झटापट केली' एवढं कबूल करून सही केली की तुरुंग नाही, वर्षभर हजेरी द्यायची आणि सुटलो. नाही केली तर खटला, आणि हरला तर तुरुंग, या वयात, या खांद्याने. पुढल्या गुरुवारी कोर्टात जाऊन काय ते सांगायचंय. तू म्हणालास, 'डॅडी, सही करा आणि मोकळे व्हा, मी रोज बघतो या गोष्टी.' तो करणार आहे सही. वकीलबाईने सांगितलं म्हणून नाही, मी सांगितलं म्हणून तर नाहीच. तू सांगितलंस म्हणून.

त्या रविवारचं तुला अर्धंच माहीत आहे, आणि तेही तू पोलिसाच्या कानांनी ऐकलंस. रागावू नकोस. अंगावर तीच वर्दी आहे तर कानही तसेच होणार. आता माझ्याकडून ऐक. चर्च सुटलं होतं. डॅडी गाडी चालवत होता, मी शेजारी, आणि मागे आपल्या चर्चमधली म्हातारी सिस्टर जुनिता, मांडीवर मॅकरोनीचा भलामोठा ट्रे, वरून चंदेरी कागद लावलेला. तिला घरी सोडायचं होतं. डॅडीच्या अंगावर दारावरच्या सेवेचा काळा सूट, आणि हातात पांढरे हातमोजे. तुला ठाऊकच आहे, घरी येऊन माझ्या हातात देईपर्यंत तो ते काढत नाही. कडब्याच्या दुकानापुढच्या वळणावर एक लाल ट्रक आम्हाला मागे टाकून असा गेला की सिस्टर जुनिताने देवाचं नाव घेतलं. आत कुणी गोरा पोरगा होता, टोपी उलटी घातलेला. झाडाखाली पोलिसाची गाडी उभी होती. ट्रक जाऊ दिला, आणि आमच्यामागे दिवे लावले.

डॅडीने सगळं केलं, डॉर्सी. तू शिकवलंस ते सगळं. तो पोलीस गाडीतून उतरायच्या आत इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, बोटं फाकवून. लायसन्स डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेला चिमट्यात लावलेलं, म्हणजे खिशात हात घालायला नको. हेसुद्धा तूच मागच्या ख्रिसमसला लावून गेला होतास. तो पोलीस तुझ्याच वयाचा, नाक उन्हाने सोललेलं. लायसन्स वाचलं आणि सुरू झाला. काय रे ओझेल, कुठून येतोयस? गाडी कुणाची? माझीच, साहेब. हातमोजे कशाला घातलेस ओझेल, ठसे उमटू नयेत म्हणून? आणि हसला, स्वतःच. तुझा बाप साठीच्या पुढचा, आणि हे पोरटं त्याला अरेतुरे करतंय, आणि हा त्याला साहेब म्हणतोय. कशाला थांबवलं विचारलं तर म्हणे तुझं चाक पांढऱ्या रेघेला लागलं. मी म्हटलं, आणि तो लाल ट्रक? डॅडीने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. मी तोंड मिटलं यावरून समज काय वेळ होती.

मग म्हणाला, गाडीत गांजासारखा वास येतोय. सिस्टर जुनिता मागून म्हणाली, 'मॅकरोनीचा आहे रे बाळा, वरून चीज आहे. तुझ्या आईने कधी केली नाही होय?' ऐंशीच्या पुढची बाई, तिला कोण काय करणार! पण त्याने केलंच. मागचं दार उघडलं, ट्रेवरचा कागद फाडला, खिशातलं पेन काढलं आणि मॅकरोनीत खुपसून ढवळलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ती बिचारी ट्रे धरून बसली, आणि तो ढवळतोय. पुढे जे झालं त्याच्यापेक्षा ती अजून त्या ट्रेचंच बोलते. म्हणते, ते पेन त्याने कुठंकुठं लावलं असेल देवाला ठाऊक. तिच्याने ते दुसरं बोलवत नाही, म्हणून ती हे बोलते, एवढं मला कळतं.

काही सापडलं नाही म्हणून जास्तच चिडला. डॅडीला म्हणाला, बाहेर ये. तिथं मागे जाऊन उभा राहा. हलू नकोस.

आता तूच सांग, तुझ्या बापाला 'उभा राहा, हलू नकोस' म्हटलं तर तो कसा उभा राहील? त्याला उभं राहायची एकच रीत माहीत आहे. चाळीस वर्षं दर रविवारी चर्चच्या दारात तो तसाच उभा राहिलाय. टाचा जोडलेल्या, मान ताठ, डावी मूठ पाठीमागे कमरेवर, उजवा हात सुटा. तुलाही त्याने तसंच उभं केलं होतं, सात वर्षांचा होतास, हातमोजे इतके मोठे की बोटांची टोकं लोंबायची. दारावर असताना तोंडाने बोलायचं नाही, सगळं उजव्या हाताने: या, थांबा, प्रार्थना चाललीय, दोन जागा आहेत. आणि नाक खाजलं, माशी बसली, काही झालं तरी डावा हात पाठीमागून काढायचा नाही. काढायचाच तर हळूच, झटका न देता. तू काढलास की त्या दिवशी तुला जेवणानंतरची गोड पीचची पाई नाही. रडायचास. पुढे पुढे झोपेतही डावा हात पाठीखाली घेऊन झोपायचास, आणि सकाळी मुंग्या आल्या म्हणून बोंबलायचास. डॅडी हसून हसून बेजार व्हायचा.

मी बाजूच्या आरशात बघत होते. डॅडी गाडीमागे जाऊन उभा राहिला, आणि डावा हात गेला पाठीमागे. त्यालासुद्धा कळलं नसेल तो कधी गेला. पोलीस ओरडला, पाठीमागे काय आहे, हात दाखव! डॅडीने उजवा हात वर केला, पंजा उघडा, पांढरा स्वच्छ हातमोजा. दुसरा, दुसरा हात काढ! पिस्तूल बाहेर आलं होतं. डॅडी काढत होता, डॉर्सी. हळूच, झटका न देता. पूर्ण निघायच्या आत त्याने तो हात धरला, मागून वर पिळला आणि डॅडीला खडीवर पाडून गुडघा दिला. कोंबडीची तंगडी सांध्यातून निघते तेव्हा जो आवाज येतो, तो मी रोज ऐकते, दिवसभर ऐकते. तोच आवाज आला. मी गाडीतून उतरले. माझ्या जिभेवर आलं होतं, सोड त्याला, याचा मुलगा पोलिसात आहे, अटलांटाला, सार्जंट आहे. डॅडीचा गाल खडीत होता, तोंडात माती होती, आणि त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मला वाटलं, ओरडू नको म्हणतोय. मी गप्प बसले.

मग तुझा फोन. तू काय काय बोललास आठव. 'त्याला माझं नाव का नाही सांगितलं? एक शब्द बोलला असतात तर त्याने सर म्हणून सोडलं असतं. तुम्हाला दोघांना एवढी साधी अक्कल नाही?' डॅडी समोरच बसला होता म्हणून मी तुला काही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर त्याने एवढंच विचारलं, जेवतोय ना तो वेळेवर?

आपली वकीलबाई सरकारनेच दिलेली आहे, पोरगीच आहे, पण डोकं आहे तिला. तिने पोलिसाच्या गाडीतला व्हिडिओ दाखवला. त्यात दिसतं एवढंच की डॅडीचा हात मागे गेला. ज्याला ठाऊक नाही त्याला ते पिस्तूलच वाटणार. ती म्हणाली, मिस्टर टार्व्हर, तुम्ही कसे उभे होता ते मला करून दाखवा. तो उठला. टाचा जोडल्या, मान ताठ केली, आणि हात मागे न्यायला लागला. नाही गेला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले, तरी नेत होता, शेवटी मीच ओरडले, बस कर मेल्या. मी म्हटलं, आमच्या चर्चच्या दारावर उभे राहणारे सगळे अशर येतील, सिस्टर जुनिता काठी टेकत येईल, हवं तर सगळ्यांना कोर्टात रांगेत उभं करते. ती म्हणाली, बोलवू, पण समोरचा वकील म्हणेल, हे त्याचेच लोक, घरून शिकवून आणले. मग तिने विचारलं, तुमचा मुलगाही उभा राहायचा का दारावर? डॅडी म्हणाला, लहान होता तेव्हा, विसरला असेल सगळं. हा माणूस खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी बोलला.

गेल्या रविवारी तो पुन्हा दारावर गेला. नको म्हटलं तरी गेला. आणि दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला, पंजे उघडे, तू चाकावर ठेवायला शिकवलेस तसे. लोक आत यायचे आणि थबकायचे, कारण त्या हातांवरून कुणाला कळेना, आत जायचं की थांबायचं. पास्टरने प्रार्थना सुरू केली तरी अर्धी माणसं दारातच. सिस्टर जुनिताने जवळ जाऊन त्याचे हात खाली केले. तो पुन्हा वर घेऊन उभा राहिला.

काल सकाळी बाही चढवताना मी त्याला विचारलंच. म्हटलं, तू त्या दिवशी मान का हलवलीस? पोराचं नाव का घेऊ दिलं नाहीस? त्याने उजव्या हाताने कॉलर सरळ केली. मग म्हणाला, 'व्हर्डेल, नाव घेतलं असतं, आणि तरीही त्याने मला तसंच पाडलं असतं, तर? मग दुसऱ्या दिवशी पोराने ती वर्दी कशी चढवली असती?' बाही अर्ध्यावरच राहिली. आणि तू त्याला अक्कल विचारलीस. हे पत्र लिहितेय ते त्याला माहीत नाही, आणि सांगूही नकोस. पाकिटात त्याचे दुसरे हातमोजे घातलेत, आता तुला बरोबर येतील. गुरुवारी ये. वर्दीत ये. तुझी माणसं तुझ्याकडे पाठ फिरवतील, बढती अडेल, कदाचित जास्तही काही होईल, हे मला कळतं, मी अडाणी आहे, मूर्ख नाही. तरी ये. कोर्टातल्या वकीलबाईच्या टेबलाजवळ जाऊन सांग की हा माणूस कागदावर सही करणार नाही. मग खटल्याच्या दिवशी निकाल देणाऱ्या त्या बारा जणांपुढे हे हातमोजे घालून उभा राहा, टाचा जोडून, मान ताठ, आणि डावा हात पाठीमागे घे. बघू दे त्यांना, वर्दीतल्या माणसाचाही हात तिथंच जातो, आणि तिथं काही नसतं. त्या दिवशी रस्त्यावर त्याने तुझं नाव घेतलं नाही. आता तू त्याचं घे. कोर्ट नऊला उघडतं. बाहेर खाऊन येऊ नकोस, मी पीचची पाई करून ठेवते.

ओरडते, तरी तुझीच,
आई